मदत हवी आहे: क्रोम बंद केल्यावरही टास्क मॅनेजरमध्ये आठ प्रोसेस दिसतात, हे सुरक्षित आहे का?

पानगळ

विंडोज ११, घरचा लॅपटॉप, क्रोम अद्ययावत. सगळ्या खिडक्या बंद केल्या तरी टास्क मॅनेजरमध्ये क्रोमच्या आठ प्रोसेस राहतात. त्यातली एक सतत २५ ते ३० टक्के सीपीयू खाते, पंखा थांबत नाही. शिवाय 'एज वेबव्ह्यू२' नावाच्या चार-पाच प्रोसेस आहेत, आणि एज तर मी उघडतही नाही. अँटिव्हायरसला काही सापडत नाही. हे व्हायरस आहे का? 'एंड टास्क' केलं तर काही बिघडेल का?

कळफलक

आठ या आकड्याला घाबरू नका. क्रोम २००८ मध्ये आला तेव्हापासूनच कामं वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या भागांत, वाटून देतो: एक मुख्य, एक जीपीयूची (ग्राफिक्स चिपची), एक नेटवर्कची, एक क्रॅशची नोंद ठेवणारी, प्रत्येक एक्स्टेंशनची (क्रोमला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची) साधारण वेगळी. २०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसर चिपमधली सुरक्षेची त्रुटी उघडकीला आल्यानंतर वेगवेगळ्या साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवणं डेस्कटॉपवर सरसकट सुरू झालं, त्यामुळे संख्या आणखी वाढली.

नावावरही विश्वास ठेवू नका. फाइलला 'क्रोम' हे नाव कुणीही देऊ शकतं. बघायचं ते फाइलचं ठिकाण आणि तिच्यावरची डिजिटल सही, म्हणजे ती कुणी बनवली याचा पुरावा.

कंट्रोल+शिफ्ट+एस्केप दाबा, 'डिटेल्स' टॅबमध्ये जा, प्रोसेसवर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. फाइल सी ड्राइव्हच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये गूगल, क्रोम, ॲप्लिकेशन अशा क्रमाने फोल्डरात असायला हवी. ॲडमिनचा पासवर्ड न देता क्रोम टाकला असेल तर तो युजरच्या ॲपडेटा, लोकल या फोल्डरात बसतो, म्हणजे नुसतं ॲपडेटा दिसलं म्हणून फाइल खोटी ठरवू नका. टेम्प, डाउनलोड्स किंवा ॲपडेटाच्या रोमिंगमधून चालत असेल तर मात्र थांबा, ते संशयास्पद आहे.

मग त्याच फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' टॅब पाहा. गूगल एलएलसी हे नाव हवं, आणि 'डिटेल्स' दाबल्यावर सही ठीक असल्याचं लिहिलेलं हवं. हे दुसरं पाऊल बरेच जण गाळतात. टॅबच नसेल तर फाइल गूगलची नाही, एवढं पुरे.

खिडकी बंद करूनही प्रोसेस का राहतात? क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' भागात, क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड ॲप चालू ठेवण्याचं बटण आहे. ते बंद करा. पण बटण चालू आहे एवढ्यानेच प्रोसेस राहत नाहीत, सहसा एखाद्या एक्स्टेंशनने किंवा वेब ॲपने पार्श्वभूमीत राहायची परवानगी घेतलेली असते. तुमच्या ३० टक्क्यांचं मूळ तिथेच असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

दुवा_तुटला

वेबव्ह्यूबद्दल: तो एज ब्राउझर नव्हे. दुसऱ्या ॲपना आपल्या खिडकीत वेबपान दाखवता यावं म्हणून मायक्रोसॉफ्टने दिलेला भाग आहे. टीम्स, नवं आउटलुक, टास्कबारवरचे विजेट्स हे सगळे तो वापरतात. प्रोग्रॅम फाइल्स एक्स८६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एजवेबव्ह्यू फोल्डरात असेल आणि सही मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशनची असेल तर सोडून द्या. विजेट्स नको असतील तर सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार इथून बंद करा. वेबव्ह्यू अनइन्स्टॉल करण्याचे सल्ले फिरत असतात, ते ऐकू नका. त्यावर चालणारी ॲप कोरी खिडकी दाखवतील किंवा उघडणारच नाहीत.

'एंड टास्क'ने नुकसान नाही. फार तर अर्धवट भरलेला फॉर्म जाईल. पण कारण तसंच राहिलं तर प्रोसेस परत येणार.

टाचणी

क्रोममध्येच 'संगणक स्वच्छ करा' अशी सोय आहे की. ती चालवून बघा, बाकी एवढा खटाटोप कशाला?

कळफलक

ती सोय २०२३ मध्ये क्रोम १११ पासून काढून टाकली आहे. जुन्या लेखांतून हा सल्ला अजून फिरतोय.

पानगळ, क्रोमची खिडकी उघडून शिफ्ट+एस्केप दाबा. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडेल. त्यात प्रत्येक ओळीला प्रोसेस आयडी असतो. तोच क्रमांक विंडोजच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये पीआयडी रकान्यात शोधा, म्हणजे जास्त सीपीयू खाणारी प्रोसेस नेमकी कुणाची ते कळेल. दोन्हीकडचे टक्के जुळणार नाहीत: विंडोज प्रोसेसरच्या सगळ्या कोअर (काम करणारे भाग) मिळून मोजतो, क्रोम एका कोअरच्या हिशोबाने, म्हणून तिथे आकडा शंभराच्या वरही जातो.

पानगळ

फाइल प्रोग्रॅम फाइल्समध्येच आहे, सही गूगलची. क्रमांक जुळवला तर ती ओळ एका पीडीएफ कन्व्हर्टर एक्स्टेंशनची निघाली. पण एक्स्टेंशनच्या पानावर 'रिमूव्ह' बटणच नाही, आणि क्रोमच्या मेनूत तळाशी 'तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित' असं दिसतं. लॅपटॉप कुठल्याच संस्थेचा नाही.

दुवा_तुटला

मग चित्र स्पष्ट आहे. घर खरं, आत घुसलेला भाडेकरू खोटा: क्रोम अस्सल, एक्स्टेंशन संशयास्पद. फाइल अस्सल असल्यामुळे अँटिव्हायरस गप्प बसला असणार.

'व्यवस्थापित' ही ओळ एकटी पुरावा नाही, काही अँटिव्हायरसही धोरणं (क्रोमवर बाहेरून लादलेले नियम) लावतात. म्हणून ॲड्रेस बारमध्ये 'क्रोम://पॉलिसी' हे इंग्रजीत टाइप करून पान उघडा. तिथे 'एक्स्टेंशन इन्स्टॉल फोर्स लिस्ट' (सक्तीने बसवलेल्या एक्स्टेंशनची यादी) दिसेल आणि त्यात ३२ अक्षरांचा आयडी असेल. एक्स्टेंशनच्या पानावर डेव्हलपर मोड चालू करून त्या कन्व्हर्टरच्या आयडीशी तो ताडून घ्या.

जुळला तर क्रम असा ठेवा. आधी टास्क शेड्यूलर (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय) तपासा, कारण हे सोडून रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) साफ केली तर पुढच्या लॉगिनला सगळं परत येतं. ज्या कामाच्या 'ॲक्शन्स'मध्ये पॉवरशेल किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट (स्क्रिप्ट चालवणारी विंडोजची साधनं) आहे आणि ते ॲपडेटा किंवा टेम्पमधली फाइल चालवतं, ते आधी 'डिसेबल' करा, लगेच पुसू नका. 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मध्ये त्याच सुमाराला आलेलं अनोळखी काही असेल तर काढा. मग रजिस्ट्री एडिटरमध्ये सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम इथे जा. लोकल मशीन आणि करंट युजर, दोन्हीखाली पाहा. आधी ती की (रजिस्ट्रीतला तो फोल्डर) 'एक्स्पोर्ट' करून ठेवा, मग फोर्स लिस्टमधली फक्त त्या आयडीची नोंद पुसा. रीस्टार्ट करा. आता 'रिमूव्ह' बटण यायला हवं.

शेवटी विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. मशीन बंद होऊन चालू होईल, साधारण १५ मिनिटं लागतात.

पानगळ

एक संशयास्पद टास्क सापडला, डिसेबल केला. नोंद पुसली, एक्स्टेंशन गेलं, पंखा शांत. क्रोम 'रीसेट' करायला हवं का? आणि पासवर्ड?

कळफलक

रीसेट करा. बुकमार्क, इतिहास, साठवलेले पासवर्ड जात नाहीत. एक्स्टेंशन बंद होतात आणि कुकीज (साइटनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या लॉगिनसारख्या नोंदी) पुसल्या जातात, म्हणजे सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागेल. फक्त धोरणं रीसेटने निघत नाहीत, ती तुम्ही हाताने काढलीच आहेत.

पासवर्ड बदला, पण दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून. त्या एक्स्टेंशनला 'सर्व वेबसाइटवरील डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी असेल तर तुम्ही पानावर भरलेलं सगळं त्याला दिसत होतं. ईमेल आणि बँक आधी. प्रत्येक खात्यात 'सर्व उपकरणांवरून साइन आउट' हेही करा, कारण चोरलेली लॉगिन कुकी काही साइटवर पासवर्ड बदलल्यावरही चालत राहते.

त्याच गूगल खात्याने दुसऱ्या संगणकावर क्रोम चालू असेल तर तिथलं एक्स्टेंशनचं पानही बघून घ्या. सिंक (खात्यातून सगळ्या उपकरणांवर तेच ठेवणारी सोय) चालू असताना हाताने टाकलेलं एक्स्टेंशन एका ठिकाणी राहिलं की ते इकडे परत उतरतं.