बेअर्सचा क्वार्टरबॅक: शाप कसला, क्रम चुकतोय (2025 चा ड्राफ्ट झाल्यावर)

चौथा_डाऊन

काल या फोरमवर सोल्जरफील्डकर यांनी लिहिलं, की आपल्या अमेरिकन फुटबॉल संघात, शिकागो बेअर्समध्ये, क्वार्टरबॅक (चेंडू फेकून खेळ चालवणारा) रुजतच नाही, जुन्या काळच्या सिड लकमननंतर शापच लागलाय, आणि केलेब विल्यम्सची गतही ट्रुबिस्की-फील्ड्ससारखीच होणार. खाली सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. म्हणून हे लांबलचक.

शाप म्हटलं की कुणाला जाब विचारावा लागत नाही, ही सोय आहे. जरा तारखा लावून बघा. 2017 च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात तो) ट्रुबिस्की दुसऱ्या क्रमांकावर घेतला. मोसम संपला आणि कोच जॉन फॉक्स घरी. 2021 ला फील्ड्स अकराव्यावर. मोसम संपला आणि कोच नागी, जीएम (संघाचा व्यवस्थापक) पेस दोघेही घरी. 2024 ला केलेब पहिला. नोव्हेंबरात आधी ऑफेन्सचा (हल्ल्याचा) कोऑर्डिनेटर वॉल्ड्रन गेला, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी हेडकोच एबरफ्लूस. पहिल्या फेरीतले तीन क्वार्टरबॅक, तिघांनाही दुसऱ्या मोसमात नवा कोच. नवरी घरात आणायची आणि मग घर पाडायला काढायचं, असला कारभार.

नवा कोच म्हणजे बाजूरेषेवरची टोपी बदलली एवढंच नसतं. शॉटगनमध्ये (चेंडू काही यार्ड मागे उभं राहून घेताना) कोणता पाय पुढे ठेवायचा इथपासून बदल होऊ शकतो. पाय बदलला की पावलांचा ताल बदलतो, तिसऱ्या पावलावर सुटणारा चेंडू अर्धा क्षण उशिरा सुटतो, तोवर कॉर्नर (बचावपटू) रिसिव्हरला (चेंडू झेलणाऱ्याला) येऊन चिकटलेला असतो. 'माइक' (बचावातला मधला खेळाडू, ज्याला धरून अडवणं ठरतं) कोण हे कुणी ठरवायचं, चेंडू सोडणाऱ्या सेंटरने की क्वार्टरबॅकने, हेही बदलतं. माइक चुकला की क्वार्टरबॅकला राखणारी अख्खी लाइन डावीकडे सरकते आणि ब्लिट्झ (जादा बचावपटूंची धाड) उजवीकडून मोकळा येतो. टीव्हीवर दिसतं ते एवढंच, की पोरगा आडवा झाला.

वॉशिंग्टनने 2024 च्या जानेवारी-फेब्रुवारीत नवा जीएम, नवा हेडकोच, नवा कोऑर्डिनेटर आणला आणि मग एप्रिलमध्ये क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स घेतला. 12 विजय, 5 पराभव, आणि थेट कॉन्फरन्स फायनल. आपण त्याच जानेवारीत एबरफ्लूसला ठेवलं, फक्त कोऑर्डिनेटर बदलला. आपली चूक तिथली आहे, एप्रिलमधली नाही.

सोल्जरफील्डकर

तारखा पाठ आहेत, अभिनंदन. मग 1999 सोयीस्करपणे गाळलंत ते का? कोच डिक जॉरन जानेवारीत आला, क्वार्टरबॅक केड मॅकनाउन एप्रिलमध्ये बाराव्यावर. क्रम अगदी तुमच्या मनासारखा. दोन मोसमांत मॅकनाउन गाशा गुंडाळून मायामीला. उलट क्वार्टरबॅक रेक्स ग्रॉसमन 2003 ला आला, जॉरनच्या शेवटच्या वर्षी, म्हणजे तुमच्या हिशेबाने चुकीच्या मुहूर्तावर. पुढच्या वर्षी कोच लव्ही स्मिथ आला आणि त्याच ग्रॉसमनला घेऊन 2006 च्या मोसमात सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) गाठला. बसवा आता तुमच्या सूत्रात.

आणि 2024 चे केलेबचे 68 सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅक आडवा होणं) कोचच्या नावावर खपवू नका. फुटेज बघा. टॅकल (लाइनच्या टोकाचा राखणदार) मागे सरकतो तो क्वार्टरबॅक सात ते नऊ यार्ड मागे उभा असेल हे धरून. त्या जागेला मध्य मानून तो एज रशरला (टोकाकडून धावून येणाऱ्या बचावपटूला) बाहेरच्या गोलाईवर ढकलत नेतो. क्वार्टरबॅक जागेवर असेल तर रशर त्याच्या पाठीमागून वळसा घालून निघून जातो. केलेब काय करतो? पहिला रिसिव्हर मिळाला नाही की मागे मागे सरकतो, अकरा-बारा यार्डांवर जातो. रशरचा वळसा नेमका तिथेच संपतो. टॅकलने काम चोख केलं, तरी सॅक त्याच्या नावावर. फील्ड्सही तेच करायचा. 2022 ला 15 सामन्यांत 55 सॅक. दोन वेगळे क्वार्टरबॅक, वेगळे कोऑर्डिनेटर, दुखणं तेच. म्हणून म्हटलं शाप.

तक्तेबहाद्दर

दोघांचंही मूळ 2017 आहे, पण ट्रुबिस्कीसाठीचा तो सौदा नीट कुणी मांडत नाही. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर जायला आपण सॅन फ्रान्सिस्कोला काय दिलं: ड्राफ्टमधले 3, 67, 111 हे नंबर आणि पुढच्या वर्षीची तिसऱ्या फेरीतली निवड. ड्राफ्टच्या नंबरांची किंमत गुणांत मांडणाऱ्या जिमी जॉन्सनच्या जुन्या तक्त्यात दुसरा 2600 गुणांचा, तिसरा 2200 चा. फरक 400. 67 चे 255, 111 चे 72, आणि पुढच्या वर्षीची फेरी एक पायरी खाली धरायची रीत आहे. बेरीज 400 च्या आसपासच येते. म्हणजे तक्त्याप्रमाणे भाव रास्त.

लोचा भावात नाही, गिऱ्हाइकात आहे. तिसऱ्यावर बसलेल्याने दुसऱ्यासाठी पैसे तेव्हाच मोजायचे, जेव्हा मधे घुसणारा कुणी खरोखर उभा असतो. सॅन फ्रान्सिस्कोने तिसऱ्यावर सॉलोमन थॉमस घेतला, बचावातला खेळाडू. त्यांना क्वार्टरबॅक नकोच होता. दुसरे क्वार्टरबॅक, महोम्स दहाव्यावर गेला, वॉटसन बाराव्यावर. आणि दिलेल्या पिकांचं (निवडींचं) काय झालं? 67 पुढे न्यू ऑर्लिन्सकडे गेला, त्यावर पुढे स्टार झालेला अल्विन कमारा. 2018 चा तिसऱ्या फेरीचा 70 झाला, त्यावर तसाच स्टार फ्रेड वॉर्नर. याला शाप म्हणत नाही, त्याबद्दल सोल्जरफील्डकरांची माफी मागतो, हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

चौथा_डाऊन

ग्रॉसमनचं मान्य. मात्र त्या सुपर बोलला त्याने नेलं की बचावाने आणि लाथाडलेला चेंडू परत पळवणाऱ्या हेस्टरने, ते तुम्हीच स्वतःला विचारा. मॅकनाउन माझ्या सूत्रात बसत नाही, बरं. एका मॅकनाउनवर तीन भारी.

मागे सरकण्याबद्दल: खरं आहे, पण अर्धं. माणूस मागे तेव्हा सरकतो जेव्हा आतून दाब येतो. गार्ड-सेंटर (लाइनचे आतले तिघे) मागे रेटले गेले तर पुढे पाऊल टाकायला जागाच उरत नाही. बाहेरच्या वळशातून सुटायचा मार्ग पुढेच असतो आणि तोच बंद. 2024 ला आत कोण होतं? नेट डेव्हिस, 2023 ला 3 वर्षांचे 3 कोटी डॉलर देऊन आणलेला, नोव्हेंबरात काढला. त्याच्या जागी मॅट प्रायर. सेंटरला कोलमन शेल्टन. म्हणूनच नवा हेडकोच बेन जॉन्सन याने 2025 ला आल्या आल्या टॅकलना हात न लावता आतली तिन्ही माणसं बदलली: थूनी, डालमन, जोना जॅक्सन. डालमनला 3 वर्षांचे 4.2 कोटी, थूनीसाठी 2026 ची चौथी फेरी, जॅक्सनसाठी सहावी. कोचला दुखणं कुठलं दिसलं ते यावरून समजा.

नेपरव्हिलची_मावशी

चौथी फेरी म्हणालात म्हणून आले. चौथ्या फेरीची किंमत आता कळतेय का सगळ्यांना? 2024 ला लाइन गळत होती आणि आपण 122 वर घेतला पंटर. कळव्या-मुंब्र्याचा पंटर नव्हे, हल्ला फसला की चेंडू लांब लाथाडणारा. टोरी टेलर. त्या ड्राफ्टमध्ये एकूण पाच पोरं घेतली, त्यात लाइनचा एकच: तिसऱ्या फेरीत येलचा अमेगाजी, तोही मांडीच्या शस्त्रक्रियेतून उठून आलेला. पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक आणायचा आणि त्याच्या दिमतीला पंटर! म्हणजे स्वयंपाक जमणार नाही हे आधीच धरून बाहेरून डबा लावल्यासारखं.

तक्तेबहाद्दर

मावशी, याहून वाईट सांगू? तो 122 आला कुठून? 2023 ला नवव्यावरून दहाव्यावर सरकताना फिलाडेल्फियाने दिलेली पुढच्या वर्षीची चौथी फेरी ती. त्यांनी नवव्यावर बचावपटू जेलन कार्टर घेतला. आता फेब्रुवारीत त्याच्या बोटात सुपर बोलची अंगठी.

मेलबर्नची_लाथ

झालं, आली पंटरची गाडी. कार्टर सोडला तो पंटरसाठी नाही. ड्राफ्टच्या तोंडावर त्याचं गाडी शर्यतीचं प्रकरण कोर्टात गेलेलं होतं, आणि दहाव्यावर डार्नेल राइट मिळाला. आज लाइनमध्ये ज्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही असा तो एकटा. राइट अधिक पंटर विरुद्ध कार्टर, असा हिशेब मांडा की.

दुसरं, पंट म्हणजे नुसती लांब लाथ नव्हे. पन्नास यार्डांची पंट चार सेकंदांच्या आत खाली आली तर झेलणाऱ्याला पळायला मोकळं रान मिळतं, आणि पन्नासाच्या चाळीस होतात. तीच साडेचार सेकंद हवेत राहिली तर कव्हरेजवाले पोचतात आणि त्याला हात वर करून फेअर कॅच (धक्का नाही, पण पळताही येत नाही असा झेल) मागावा लागतो. शिवाय ऑस्ट्रेलियन पद्धतीत चेंडूचं टोक खाली धरून लाथ मारली की तो आडवा गिरकी न घेता टोकावर कोलांट्या खातो आणि टप्पा पडल्यावर मागे उसळतो. गोलरेषेच्या आत न जाता पाच-सात यार्डांवर थांबतो. आयोवा विद्यापीठाकडून टेलरने 2023 ला एका मोसमात 4479 यार्ड पंट केल्या, कॉलेजचा विक्रम. ज्या संघाचा ऑफेन्स नवशिका आहे त्याला हे लागतंच.

नेपरव्हिलची_मावशी

आयोवाचा विक्रम झाला कारण आयोवाचा ऑफेन्स भीषण होता! विक्रमी पंट हे कौतुक की पंचनामा? आणि पंटर ड्राफ्ट न झालेल्यांतही मिळतात. गार्ड मिळतो का तसा? नंतर तर पुढच्या वर्षीची चौथी फेरीही बफेलोला देऊन पाचव्या फेरीत ऑस्टिन बुकर घेतला. 110 नंबर कीनन अॅलनवर, एका वर्षासाठी. म्हणजे तीन चौथ्या फेऱ्या: एक भाड्याचा रिसिव्हर, एक पंटर, एक हलका एज रशर. गार्ड शून्य. नोव्हेंबरात न्यू इंग्लंडने एकाच सामन्यात नऊ सॅक काढले तेव्हा पंटर काय अंगठा दाखवत होता?

मेलबर्नची_लाथ

त्या दिवशी 19-3 हरलो, त्यात मैदानावरचा सगळ्यात चांगला बेअर तोच होता. तुमचा मुद्दा सिद्ध होतोय की माझा, ते मला सांगता येणार नाही.

सोल्जरफील्डकर

तुम्ही लोक पंटरवर साठ ओळी लिहा. मुद्दा क्वार्टरबॅकचा होता. 2023 ला पहिला क्रमांक हातात होता आणि क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड समोर होता. क्रमांक कॅरोलिनाला विकला. हे लपवायला कॅरोलिनाच्या सौद्याचे पोवाडे गातात.

तक्तेबहाद्दर

पोवाडा नाही, जमाखर्च. दिला: पहिला क्रमांक. मिळालं: 9 आणि 61 नंबर, रिसिव्हर डीजे मूर, 2024 ची पहिली फेरी, 2025 ची दुसरी. 9 चा 10 होऊन राइट. 61 मधे आणखी एक पिक घालून 56 वर बचावपटू टायरीक स्टीव्हन्सन. कॅरोलिना 2-15 हरली म्हणून 2024 चा पहिला, म्हणजे केलेब. आणि 2025 च्या एप्रिलमध्ये 39 वर रिसिव्हर ल्यूथर बर्डन. शिवाय ज्याला विकला त्याने स्ट्राउड नव्हे, ब्राइस यंग घेतला. आपण पहिल्यावर स्ट्राउडच घेतला असता याची खात्री कोण देतं? पेसने महोम्स सोडला होता तेव्हा तोही समोरच होता.

चौथा_डाऊन

स्टीव्हन्सनचं नाव जमेत धरताय? वॉशिंग्टनला शेवटच्या प्लेला चेंडू स्नॅप झाला (खेळ सुरू झाला) तरी प्रेक्षकांना खिजवत उभा होता, आणि मग धावत येऊन चेंडू बोटांनी उडवून त्यांच्या नोआ ब्राउनच्या हातात दिला, तोच ना?

तक्तेबहाद्दर

तोच. जमेतून काढा. तरी सौदा फायद्यात.

सोल्जरफील्डकर

बरं, फायद्यात. मग मिळालेल्यातून डावा टॅकल का नाही? डावा टॅकल ब्रॅक्स्टन जोन्स 2024 च्या डिसेंबरात घोटा मोडून बसलाय, आणि 2025 ला दहाव्यावर आपण घेतला टाइट एंड (लाइनशेजारचा, अडवणाराही आणि झेलणाराही). कोलस्टन लव्हलंड. घरात त्याच जागेचा कमेट आहे, 2023 ला 4 वर्षांचे 5 कोटी देऊन ठेवलेला.

चौथा_डाऊन

दहाव्यावर टॅकल कोण होता ते सांगा ना. कॅम्पबेल चौथ्यावर गेला, मेंबू सातव्यावर, बँक्स नवव्यावर, आपल्या नाकासमोर. उरले ते सिमन्स आणि कॉनरली. एक गुडघ्यातून उठतोय, बत्तिसावर गेला, दुसरा एकोणतिसावर. दहाव्या जागी एकोणतिसाव्याचा माल घेणं म्हणजे पुन्हा 2017 चाच व्यवहार.

आणि दोन टाइट एंड ही जॉन्सनची डेट्रॉइटपासूनची सवय आहे. दोन टाइट एंड उतरले की समोरच्याला तिसरा लाइनबॅकर (जड बचावपटू) आणावा लागतो, नाहीतर आपण चेंडू घेऊन धावलो की तो मार खातो. तिसरा लाइनबॅकर आला की प्ले-अॅक्शन (धावायचं नाटक करून चेंडू फेकणं) चालतं, रशर एक क्षण थबकतो. शिवाय कमेट टॅकलशेजारी उभा राहून एजला खांद्याचा धक्का देऊन मग पास रूटवर निघतो. डाव्या टॅकलला मदत ही अशीही होते.

सोल्जरफील्डकर

आणि धक्का देऊन निघालेला टाइट एंड उशिरा मोकळा होतो. म्हणजे केलेबने चेंडू आणखी धरून ठेवायचा. वा.

मेलबर्नची_लाथ

41 वरून खाली सरकून 56 ला टॅकल ट्रापिलो घेतलाय, ते कुणी बोलतच नाही. बॉस्टन कॉलेजला 2022 ला डावीकडे होता, नंतरची दोन वर्षं उजवीकडे. उजवीकडे राइट पक्का. त्यामुळे त्याला परत डावीकडे वळवणार.

नेपरव्हिलची_मावशी

बाजू बदलणं म्हणजे डाव्या हाताने पोळ्या लाटणं. मागे टाकायचा पाय बदलतो, आधी मारायचा हात बदलतो, अंगातला ताल उलटा होतो. जोन्सचा घोटा कॅम्पपर्यंत सावरला नाही तर सप्टेंबरात तिथे नवखा पोरगा, आणि चौथी फेरी थूनीला दिलेली. पंटर मात्र आहे हं आपल्याकडे.