रंग नवा, रूळ तेच

दोघा जणांनी लिहिलंय की फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या युनिव्हर्सल थीम पार्कमधलं किडझोन, म्हणजे लहान मुलांचा जुना विभाग, काढून ड्रीमवर्क्स लँड केलं, म्हणजे मुलांच्या आठवणींवर बुलडोझर फिरवला. अर्धंच पटलं.

जानेवारी २०२३ मध्ये ते बंद झालं आणि जून २०२४ मध्ये ड्रीमवर्क्सच्या चित्रपटांतले श्रेक, ट्रोल्स आणि कुंग फू पांडा घेऊन पुन्हा उघडलं. वूडी वूडपेकर या कार्टून पक्ष्याची छोटी रोलर कोस्टर आता ट्रोल्सची झाली, पण रूळ १९९९ चेच आहेत. पहिल्यांदा बसणाऱ्या पाच वर्षांच्या पोराच्या पोटात गोळा येतो तो रुळांमुळे. डब्यावर कोणाचं तोंड रंगवलंय याच्याशी त्याला काय देणंघेणं? जुन्या विभागातल्या फीव्हेल या कार्टून उंदरासाठी हळहळणारे बहुतेक आता चाळिशीत आहेत, हेही मान्य करू या. (मीही त्यातलाच.)

माझी हळहळ तिथल्याच क्युरियस जॉर्ज या गोष्टीतल्या माकडाच्या बॉल फॅक्टरीसाठी. फोमचे हजारो गोळे, तोफा, आणि बाप लोक पोरांपेक्षा जास्त जोमाने नेम धरतायत! तिथे कोणाला पात्र ओळखीचं असायची गरजच नव्हती. नव्यात कुंग फू पांडातल्या पोच्या आखाड्यात पाण्यात भिजता येतं, फ्लोरिडाच्या उन्हात ते हवंच. पण तोफांची मजा त्याला नाही.

आणि शेजारची ईटीची, म्हणजे सिनेमातल्या त्या परग्रहवासीयाची, राइड १९९० पासून तशीच आहे. आत जाताना नाव सांगायचं, निघताना ईटी त्या नावाने निरोप देतो. तिला मात्र कोणी हात लावू नये बुवा.