पीएस५: डिस्कवाला घ्यावा की डिजिटल?

प्रश्न: दिवाळीत पीएस५ स्लिम (सोनीचा गेम कन्सोल) घेतोय. डिजिटल, म्हणजे डिस्क ड्राइव्ह नसलेला, स्वस्त पडतो, पण मन डिस्ककडे ओढतंय. काय करू?

उत्तर: डिस्कवालाच घे रे. गेम संपला की डिस्क विकता येते, मित्राला देता येते. माझ्या पीएस४च्या एका डबीवर धाकट्या भावाने बॉलपेनने नाव कोरलंय. तो आता पुण्याला असतो; डबी उघडली की शेजारी बसल्यासारखा वाटतो.

उत्तर: मी डिजिटलवाला. रात्रपाळीहून आलो की डिस्क न शोधता खेळ सुरू. आणि ‘द क्रू’ या ऑनलाइन रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाले, तेव्हा डिस्कवाल्यांचाही गेम गेलाच की!

उत्तर: स्लिम डिजिटलला डिस्क ड्राइव्ह नंतरही जोडता येतो, भाऊ.

प्रश्नकर्ता: हे माहीतच नव्हतं! मग आधी डिजिटल घेतो, ड्राइव्ह पाडव्याला.