प्रतिसाद: म्यूऑनचं गणित करून बघा

वर कुणीतरी म्हटलंय की वेगानं जाणाऱ्या वस्तूची वेळ मंदावणं हा निव्वळ मापनातला भास आहे. मग म्यूऑन, म्हणजे वातावरणात उंचावर तयार होणारे अल्पायुषी सूक्ष्म कण, जमिनीपर्यंत पोचतातच कसे? त्यांचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. वेग प्रकाशाच्या 0.998 पट धरला, तर 10 किमी यायला आपल्या घड्याळानं 33.4 मायक्रोसेकंद लागतात. भास असता तर 40 लाखांत जेमतेम एक टिकला असता. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनुसार म्यूऑनचं घड्याळ मंद चालतं, म्हणून शंभरातले 38 टिकतात.

आता मुख्य मुद्दा. त्या 33.4 मायक्रोसेकंदांत प्रकाश 10.02 किमी जातो. 10.02 च्या वर्गातून 10 चा वर्ग वजा करा, वर्गमूळ काढा: सुमारे 0.63 किमी. म्यूऑनच्या दृष्टीनं तो जागचा हललेलाच नाही, म्हणून अंतर शून्य आणि वेळ 2.1 मायक्रोसेकंद, तेवढ्यात प्रकाश जातो तोच 0.63 किमी. वेळ वेगळी, अंतर वेगळं, पण ही वजाबाकी दोघांची सारखीच. अवकाश आणि काळ जोडलेले म्हणजे नेमके असे.

बरेच जण इथे वेळ मंदावणं आणि अंतर आकसणं दोन्ही एकदम लावतात आणि उत्तर बिघडवतात. एका चौकटीत, म्हणजे एका निरीक्षकाच्या दृष्टीनं, एकच लावायचं: आपल्या दृष्टीनं म्यूऑनची वेळ मंदावते, म्यूऑनच्या दृष्टीनं अंतर आकसतं. आणि हो, हवेत म्यूऑनची सुमारे 2 जीईव्ही (गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा खर्च होते, ती वरच्या हिशोबात धरलेली नाही. प्रत्यक्षात खाली पोचणारे याहून वेगानं निघालेले असतात.