मदत हवी आहे: ४० अंशांवरही प्रथिन गॉल्जीत कसं पोचतंय?

नमस्कार मंडळी. बेळगावात हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी कर्करोगाच्या पेशी) व्हीएसव्हीजी-टीएस०४५-जीएफपीची वाहतूक बघायचं काम चालू आहे. हे म्हणजे एका विषाणूच्या पृष्ठभागावरचं, तापमानाला संवेदनशील प्रथिन, हिरवं चकाकणारं जीएफपी जोडलेलं. ४० अंश सेल्सियसला या प्रथिनाची घडी बिघडते आणि ते ईआरमध्येच, म्हणजे पेशीत जिथे ते तयार होतं त्या जाळ्यातच, अडकतं. ३२ ला आणलं की घडी नीट बसते, मग कॉप-टू नावाच्या आवरणाच्या पुटिकांतून (इवल्या पिशव्यांतून) ते गॉल्जीकडे, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं पुढे पाठवणाऱ्या भागाकडे, निघतं. इथे मात्र रात्रभर ४० ला ठेवूनही बऱ्याच पेशींत केंद्रकाला चिकटून चकाकता पुंजका दिसतो, आणि तो जीएम१३० या गॉल्जीची खूण असलेल्या प्रथिनाच्या रंगाशी जुळतो. म्हणजे गॉल्जीच.

मुख्य संशय तापमानावर आहे. इन्क्युबेटरवरचा आकडा डिशमधल्या माध्यमाचा नसतो. त्यात पावसाळ्यात इथली खोली गार. फिक्स करण्याआधी (पेशी रसायनानं आहेत तशा गोठवण्याआधी) डिश चार-पाच मिनिटं बाहेर राहिली तरी प्रथिन सुटायला लागतं. नवं प्रथिन बनणं थांबवणारं सायक्लोहेक्सिमाइड, मिलीलिटरला १०० मायक्रोग्रॅम, ३२ ला नेतानाच घालतो, त्यामुळे दोष तिथे नसावा.

माध्यमाचं तापमान तुम्ही कशानं मोजता? फिक्स करायचं ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड ४० अंशांना तापवूनच ओतता काय? प्रथिन जास्त बनल्यानंही असं होत असेल, तर प्लाझमिड (हे प्रथिन बनवायला पेशींत घातलेला डीएनए) किती कमी केलं तर फरक पडतो? धारवाड-कोल्हापूरकडे कुणाकडे तापवता येणारा स्टेज असलेला मायक्रोस्कोप असेल तर जरूर कळवा.