डॉक्टर हू : १९६३ ते १९६६ हा पहिला कालखंड आज कसा पाहावा?

रामबागकर

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यापासून इंदुरात रामबागेतल्या आमच्या घरी दर शनिवारी रात्री पाच-सहा जणांची बैठक जमते. 'डॉक्टर हू' ही बीबीसीची काळप्रवासावरची विज्ञानकथा मालिका; तिचा नायक डॉक्टर अधूनमधून कायापालट करतो आणि नवा नट त्याची भूमिका करू लागतो. आम्ही सगळे २००५ साली ती पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या भागांमुळे तिच्याकडे वळलेले प्रेक्षक आहोत, त्यामुळे विल्यम हार्टनेल यांनी साकारलेला पहिला डॉक्टर आमच्यासाठी आजवर एक पांढऱ्या केसांचे छायाचित्र, एवढाच होता. लंडनला राहणाऱ्या आतेबहिणीने पहिल्या तीन कथांचा डीव्हीडी-संच पाठवला आणि आता अगदी मुळापासून सुरुवात करायची, असे आम्ही उत्साहाने ठरवले.

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रथम दाखवलेला पहिला भाग सगळ्यांना मनापासून आवडला. सुझान ही विद्यार्थिनी इतकी चमत्कारिक का वागते, याचा छडा लावायला निघालेले इयन आणि बार्बरा हे दोन शिक्षक, भंगाराच्या आवारातली पोलिसांची निळी पेटी, म्हणजे डॉक्टरचे काळयान (कृष्णधवल चित्रात ती निळी आहे हे आपल्या माहितीवर मानायचे) आणि पेटीच्या दारातून आत शिरताच उघडणारे प्रशस्त दालन, हे सारे आजही पकड घेते. मात्र पुढचे तीन भाग अश्मयुगातल्या टोळीत आणि अग्नी कोणी पेटवायचा या वादात जातात. आम्ही ते एकाच रात्री सलग पाहिले. आठवीत शिकणारी माझी मुलगी दुसऱ्या भागातच झोपली आणि एका मित्राने जाहीर केले की १९७० साली मालिका रंगीत झाली, तिथूनच सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल.

मला हा कालखंड सोडायचा नाही, पण केवळ ऐतिहासिक कर्तव्य म्हणून पाहायचाही नाही. ज्यांनी तो आवडीने पाहिला आहे, त्यांनी तो कसा पाहिला, कोणत्या क्रमाने पाहिला आणि जे भाग आज उपलब्धच नाहीत त्यांचे काय केले, हे सविस्तर सांगितल्यास आभारी होईन.

विंगेतली_मावशी

रामबागकर, तुमची चूक मालिकेच्या निवडीत नसून बैठकीच्या पद्धतीत आहे, असे मला वाटते. पंचवीस मिनिटांचा एक भाग पाहून आठवडाभर थांबायचे, या हिशेबाने लिहिलेली कथा तुम्ही एका रात्रीत संपवलीत. दिवाळीचा फराळ एका बैठकीत संपवला तर चकलीसुद्धा नकोशी होते.

मी इंदुरातल्या हौशी मराठी रंगभूमीवर वीस-बावीस वर्षे विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग केले आहे, म्हणून हार्टनेल यांचे भाग मी चित्रपट म्हणून पाहूच शकत नाही. मला ते नाटकाचे प्रयोग वाटतात. ते तयारही जवळजवळ तसेच होत असत. आठवडाभर तालीम करायची आणि मग एका संध्याकाळी बीबीसीच्या लाइम ग्रोव्ह या लंडनमधल्या स्टुडिओत तो भाग शक्यतो सलग चित्रित करायचा. त्या काळी चित्रफीत कापून जोडणे खर्चाचे आणि कटकटीचे होते, त्यामुळे एखादा शब्द अडखळला, दार नीट बंद झाले नाही किंवा भिंत थरथरली, तरी गाडी पुढे हाकावीच लागे.

हार्टनेल यांचे अडखळणे चाहत्यांमध्ये प्रसिद्धच आहे. किरणोत्सर्गावरच्या औषधांऐवजी ते किरणोत्सर्गावरचे हातमोजे म्हणून जातात आणि समोरचा नट त्यांना सावरून घेतो. मला ते पाहताना हसू येत नाही. विंगेत वही धरून उभ्या असलेल्या माणसाचा श्वास अशा क्षणी कसा अडकतो, हे मला ठाऊक आहे आणि अडखळूनही भूमिकेबाहेर न जाणारा नट किती मोलाचा असतो, हेही ठाऊक आहे. शिवाय इयनचे आडनाव चेस्टरटन, पण डॉक्टर त्याचा दरवेळी निराळा अपभ्रंश करतो. त्यातले काही संहितेतच लिहिलेले होते. चूक कोणती आणि अभिनय कोणता, हे ओळखता येत नाही, यातच त्या म्हाताऱ्याची गंमत आहे.

आता एक प्रयोग सुचवते. तुमच्याकडच्या संचात पहिल्या भागाचे आधीचे, नापसंत ठरलेले चित्रीकरणही आहे. सप्टेंबर १९६३ मधले ते चित्रीकरण पाहून बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांनी सगळे पुन्हा करायला सांगितले आणि ऑक्टोबरमध्ये तो भाग नव्याने चित्रित झाला. दोन्ही लागोपाठ पाहा. पहिल्यात डॉक्टर नुसता खडूस नव्हे तर तुसडा आणि दुष्ट वाटतो; दुसऱ्यात तोच माणूस तेच प्रसंग करताना मिश्कील झाला आहे. पहिल्यात सुझान आपला जन्म एकोणपन्नासाव्या शतकातला असल्याचे सांगते. दुसऱ्यात ती फक्त दुसरा काळ आणि दुसरे जग एवढेच म्हणते आणि त्या एका बदलाने पुढच्या साठ वर्षांसाठी गूढ मोकळे राहते. रंगीत तालीम आणि शुभारंभाचा प्रयोग यांत दिग्दर्शक काय काय दुरुस्त करतो, हे मुलीला दाखवण्यासाठी याहून चांगले साधन मला माहीत नाही. तो दिग्दर्शक, वारिस हुसेन, लखनौला जन्मलेला आणि त्या वेळी अवघा चोवीस वर्षांचा होता. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट सत्तावीस वर्षांच्या होत्या. इतक्या तरुण माणसांच्या हाती पंचावन्न वर्षांचा, स्वभावाने तापट असा ज्येष्ठ नट सोपवलेला होता, हे लक्षात ठेवून पाहिले की पडद्यावरचा ताणही निराळा दिसू लागतो.

सुदामानगरचा_सायबरमॅन

मावशींचा आदर राखून असहमती नोंदवतो. 'हे नाटक आहे असे समजा' या वाक्यात एक सवलत दडलेली आहे आणि त्या लोकांना सवलतीची गरज नव्हती, असे माझे मत आहे.

पहिल्या भागाची सुरुवात आठवा. धुक्यात पोलीस फाटक तपासून निघून जातो, फाटक आपोआप उघडते आणि कॅमेरा आवारातल्या भंगारातून वाट काढत पेटीपाशी जाऊन थांबतो. शेवटी ओसाड माळरानावर पेटी उभी आहे आणि एका माणसाची सावली तिच्या दिशेने पडते. २१ डिसेंबर १९६३ च्या भागाचा शेवट तर याहून सरस आहे. तिथे बार्बरा भिंतीला पाठ लावून किंचाळते, पण समोर काय आहे ते आपल्याला दिसत नाही, कारण आपण त्या प्राण्याच्याच डोळ्यांनी तिला पाहत असतो. चौकटीत फक्त त्याचा पुढे आलेला हात दिसतो. रंगमंचावर हे करता येणार नाही. ही दूरचित्रवाणीची स्वतःची भाषा आहे आणि ती त्यांनी सुरुवातीच्या काही आठवड्यांतच हस्तगत केली होती.

त्याचबरोबर जे कंटाळवाणे आहे त्याला कंटाळवाणे म्हणण्याची मुभाही असावी. डॅलेक या डॉक्टरच्या प्रसिद्ध शत्रूंची पहिली कथा सात भागांची आहे आणि दलदल, गुहा, दरी यांतून होणारा तिचा उत्तरार्धातला प्रवास मला कधीही सलग पाहवला नाही. त्यानंतरची दोनच भागांची कथा मात्र चुकवू नका. सुरुवातीला तेराच भागांची हमी होती. चार आणि सात मिळून अकरा झाले, म्हणून उरलेले दोन भाग नवे नेपथ्य आणि नवे नट न घेता पेटीच्या आतच उरकले गेले. चार माणसे, एक बंद जागा आणि एकमेकांविषयीचा संशय. या कथेत बार्बरा डॉक्टरला जे सुनावते, तिथून त्या दोघांचे नाते बदलते, असे मी मानतो.

तिच्यानंतर ॲझ्टेकांची कथा घ्या (१९६४, चार भाग). बार्बराला लोक देवीचा अवतार समजतात, तेव्हा या अधिकाराचा वापर करून नरबळीची प्रथा बंद पाडावी, असे तिला वाटते आणि इतिहासाची एक ओळही बदलता येणार नाही, असे डॉक्टर तिला बजावतो. राक्षस नाही, यंत्र नाही, फक्त एका इतिहासाच्या शिक्षिकेचा नैतिक पेच आहे. इंग्रज नटांना रंग फासून मेक्सिकोचे रहिवासी बनवलेले आज खटकते आणि खटकायलाच हवे. तुमच्या मुलीने विचारले तर तसे स्पष्ट सांगा. बार्बरा साकारणाऱ्या जॅकलिन हिल यांचे काम मात्र त्या सगळ्याला पुरून उरते.

चुंबकफीत

हरवलेल्या भागांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझी सारी नोकरी ध्वनिमुद्रणात गेली आहे, तेव्हा थोडे पाल्हाळ होईल, क्षमस्व.

१९६३ ते १९६९ या काळात या मालिकेचे २५३ भाग झाले आणि त्यांतले नव्वदहून अधिक भाग चित्ररूपात नाहीसे झाले आहेत. त्या वेळची दोन इंची चित्रफीत महाग होती, पुनःप्रक्षेपणावर करारांची बंधने होती आणि घरोघरी व्हिडिओ येईल ही कल्पनाही नव्हती. म्हणून फिती पुसून त्यांवर दुसरे कार्यक्रम मुद्रित केले जात. परदेशांत विकण्यासाठी सोळा मिलिमीटर फिल्मवर प्रती काढलेल्या होत्या आणि आज जे पाहायला मिळते ते बहुतांशी त्या प्रतींमुळे. २०१३ साली नायजेरियातल्या जोस शहरातून एकदम नऊ हरवलेले भाग हाती लागल्याची बातमी आली, तेव्हा माझ्यासारख्या कोरड्या माणसालाही रात्री झोप लागली नाही.

आवाज मात्र एकाही भागाचा हरवलेला नाही. घरी टेपरेकॉर्डर असलेल्या त्या वेळच्या मुलांनी दूरचित्रवाणी संचासमोर बसून जे मुद्रित करून ठेवले, त्यातून प्रत्येक भागाचा ध्वनी आज उपलब्ध आहे.

म्हणून रामबागकरांना माझी सूचना अशी आहे की, 'मार्को पोलो' ही सात भागांची पूर्णतः हरवलेली कथा सोडून न देता ती श्रुतिकेसारखी ऐकावी. आपल्या पिढीला आकाशवाणीवरची नाटके दिवा मालवून ऐकण्याची सवय होती; मुलीलाही ती एकदा लावून पाहा. या कथेत मार्को स्वतःच्या रोजनिशीतून प्रवासाचे टप्पे सांगत जातो, त्यामुळे चित्रावाचून फारसे अडत नाही. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून त्या काळी घेतलेली या कथेची छायाचित्रे दिग्दर्शक हुसेन यांच्या संग्रहात टिकली होती आणि ती आवाजाला जोडून केलेली सुमारे अर्ध्या तासाची संक्षिप्त आवृत्ती तुमच्या संचातच असली पाहिजे. आधी ती पाहून चेहरे ओळखीचे करून घ्या आणि मग पूर्ण कथा ऐका.

हार्टनेल यांच्या अखेरच्या कथेचा चौथा भागही असाच गेला आहे, पण त्यातला कायापालटाचा क्षण १९७३ साली मुलांच्या एका कार्यक्रमात दाखवला गेला होता, म्हणून तेवढा तुकडा वाचला. एक डॉक्टर जाऊन दुसरा येतो, हे ज्या कल्पनेवर सहा दशके चालले आहे, तिचे मूळ दृश्य अशा योगायोगाने शिल्लक आहे.

शीर्षकसंगीताविषयी थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. रॉन ग्रेनर यांची धून डीलिया डर्बीशायर यांनी प्रत्यक्षात आणली, ती वाद्यवृंदाशिवाय आणि आजच्यासारख्या सिंथेसायझरशिवाय. एकेक स्वर फितीवर घेऊन, त्याची गती कमीजास्त करून, तुकडे पात्याने कापून आणि चिकटवून ते काम झाले आहे. पेटीच्या उड्डाणाचा घरघराट तर पियानोच्या तारांवर घराची किल्ली घासून मिळवलेला आहे. मी उमेदवारीच्या काळात अशी फीत कापली आहे आणि एका सेकंदाच्या जोडासाठी अर्धा दिवस घालवला आहे, म्हणून हे ऐकताना आजही माझी बोटे आखडतात. टीव्हीचे स्पीकर बाजूला ठेवून एकदा बरे हेडफोन लावा.

विंगेतली_मावशी

सायबरमॅन, बार्बराच्या किंचाळण्याचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. ते रंगमंचावर शक्य नाही. परंतु ती भिंतीला पाठ लावून जे करते ते एकटीने, समोर प्रत्यक्षात कोणीही नसताना करते आणि प्रेक्षकाला समोर कोणीतरी असल्याची खात्री पटते. तेवढा वाटा नाटकाला द्या.

रामबागकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री आम्ही आधीचे चित्रीकरण आणि प्रत्यक्ष प्रक्षेपित झालेला भाग लागोपाठ पाहिले. एकोणपन्नासाव्या शतकाचा फरक माझ्या लक्षात आला. मुलीला मात्र त्याहून आधी दार दिसले. आधीच्या चित्रीकरणात पेटीचे आतले दार बंद होत नाही आणि नट बोलत असताना ते मागे आपटत राहते. 'बाबा, हे पुन्हा शूट का केलं ते मला कळलं' असे ती म्हणाली, तेव्हा रंगीत कालखंडाचा आग्रह धरणारा आमचा मित्रही हसला.

त्यानंतर डॅलेक-कथेचा पहिला भाग लावला. बार्बरा किंचाळली, नावे वर सरकू लागली आणि मी डीव्हीडी बंद केली. समोर कोण होते हे सांगायला मी नकार दिल्यामुळे आज सकाळी पोहे खाताना घरात माझ्याशी कोणी धड बोलत नव्हते. पुढचा भाग येत्या शनिवारी, रात्री नऊ वाजता. मावशी आणि चुंबकफीत काका, आपण दोघेही इंदुरातच असाल तर अवश्य यावे, पत्ता खासगी संदेशातून कळवतो.