लायपोसोमला मॅक्रोफेजचा पत्ता कोण देतं?

नांदेडचा एमफार्मवाला:
नमस्कार मंडळी, मी एम फार्म करायलोय, सेमिनारला विषय घेतलाय लायपोसोममधून इम्यून सेलपर्यंत औषध नेणं. पुस्तकात सरळ लिहिलंय लायपोसोम मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे परके कण गिळणाऱ्या इम्यून पेशीत, जातात, पण चरबीच्या त्या बारक्या फुग्याला कळतं कसं की हीच पेशी गाठायची? आणि 2021 ला मामाला म्युकर झाला तवा लायपोसोमल अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधासाठी आम्ही नांदेड, लातूर, औरंगाबाद पालथं घातलं, ते बी याच कारणानं देतात का?

परभणीकर:
भाऊ, फुग्याला काहीच कळत नाही, मॅक्रोफेजच त्याला धरतो. रक्तात परका कण आला की प्रथिनं त्याला चिकटतात आणि लिव्हरमधल्या, पानथरीतल्या मॅक्रोफेज पेशी तो गिळून टाकतात, आवतण लागत नाही. काळा आजारात तेच कामी येतं, कारण त्याचा परजीवी लीशमॅनिया लपलेला असतो त्याच पेशीत! म्हणून तर बिहारात याच औषधाचा वजनाच्या किलोला 10 मिलिग्रॅमचा एकच डोस देऊन पेशंट बरे झालेत. म्युकरमध्ये मुख्य फायदा वेगळा, औषध चरबीत गुंतून राहतं म्हणून किडनीला त्रास कमी आणि डोस जास्त देता येतो.

लातूरची सिस्टर:
मामा बरे आहेत ना आता? त्या दिवसात आम्ही रात्रंदिवस हेच इंजेक्शन बनवायचो. 50 मिलिग्रॅमच्या पावडरच्या व्हायलमध्ये 12 मिली स्टराइल वॉटर, मग 30 सेकंद जोरात हलवायचं, पिवळं दुधाळ होतं, फिल्टरमधून काढून 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्येच टाकायचं, मिठाच्या सलाईनमध्ये टाकलं की साका बसतो. नवीन आलेल्या पोरींना मी हे आधी सांगायचे, कारण तवा एकेक व्हायल मिळवायला नातेवाईक दारात उभे असायचे.

नांदेडचा एमफार्मवाला:
हो ताई, मामा बरे आहेत, एक डोळा गेला पण शेतात जातात. मग टी सेल या दुसऱ्या इम्यून पेशीला पण औषध असंच जातं का?

परभणीकर:
नाही ना, खरी अडचण तिथंच आहे. टी सेल असं गिळत नाही. तिथं लायपोसोमवर अँटीबॉडी लावावी लागते, टी सेलवरचं सीडी3 प्रथिन वगैरे धरणारी, आणि सीडी3 ला धरलं की टी सेल स्वतःच पेटू शकतो, म्हणजे नको असताना कामाला लागतो. वर पेग नावाच्या पॉलिमरचं आवरण द्यायचं, म्हणजे मॅक्रोफेज मधल्यामधे कमी खातो. मॅक्रोफेजच पाहिजे असेल तर लायपोसोमवर मॅनोज ही साखर लाव, मॅक्रोफेजवर मॅनोजला धरणारा रिसेप्टर असतोच. सेमिनारला मॅक्रोफेज आणि टी सेल या दोन स्लाईड शेजारी शेजारी ठेव.